हेअर एक्स्टेन्शन घेताना पैसे नेमके कशाचे मोजायचे?

हेअर एक्स्टेन्शनची, म्हणजे स्वतःच्या केसांना जोडायच्या तयार केसांची, दोन पाकिटं शेजारी ठेवा. दोन्हींवर ‘१०० टक्के मानवी केस’ लिहिलेलं आहे, दोन्हींवर लांबी २० इंच आहे, रंगही तोच आहे. एकाची किंमत मात्र दुसऱ्याच्या चौपट. हात फिरवला तर उलट स्वस्तातलेच केस जास्त मऊ, जास्त चकचकीत लागतात. मग चौपट पैसे कशाला द्यायचे, असं कुणालाही वाटेल. या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दिवशी बोटांना कळत नाही, ते चार-पाचदा धुतल्यावर कळतं. तोवर परतीची मुदत संपलेली असते. म्हणून पाकिटात येण्याआधी त्या केसांचं काय काय झालं, हे खरेदीपूर्वीच समजून घेतलेलं बरं.

सगळं खवल्यांवर अवलंबून

केसाच्या बाहेरच्या थराला क्यूटिकल म्हणतात. हे अतिशय पातळ, पारदर्शक खवले असतात. छपरावरच्या कौलांसारखे ते एकावर एक रचलेले असतात आणि त्यांची मोकळी कड केसाच्या टोकाकडे असते. डोक्यावर प्रत्येक केसाचं मूळ टाळूत असल्यामुळे सगळ्या खवल्यांची दिशा एकच राहते आणि केस एकमेकांवरून सहज सरकतात. त्यात काही केस उलटे, म्हणजे टोक वर आणि मूळ खाली असे मिसळले, की खवले एकमेकांत अडकतात. ओले केस चोळले की ते आणखी घट्ट बसतात. गुंता होतो, गुंत्याची गाठ होते आणि शेवटी मानेजवळ जट तयार होते.

म्हणून केस गोळा कसे केले, यावर दर्जाचा पहिला आणि सर्वात मोठा फरक ठरतो. वेणी किंवा शेपटी आधी बांधून मग कापली, तर सगळी मुळं एका बाजूला राहतात. तिरुमला देवस्थानात अर्पण होणारे केस लिलावाने विकले जातात. त्यातले लांब, बांधून काढलेले केस या व्यापारात मौल्यवान समजतात, ते याच कारणासाठी. दिशा अशी सांभाळलेल्या केसांना ‘रेमी’ म्हणतात.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे गुंतवळ. विंचरताना गळलेल्या केसांचे गोळे घरोघरून आणि पार्लरमधून जमा होतात. भारत, बांगलादेश, म्यानमार इथे हजारो हात बसून ते सोडवतात. हे काम फार चिकाटीचं आहे, पण त्यात मूळ कुठलं आणि टोक कुठलं याचा हिशेब राहत नाही. शिवाय हे केस अनेक डोक्यांवरचे असतात, कुणाचे जाड, कुणाचे बारीक, काही पांढरेसुद्धा. म्हणून ते सरसकट गडद रंगवले जातात.

उलटसुलट केस गुंतू नयेत म्हणून कारखान्यात ते आम्लाच्या द्रावणात बुडवतात. खवले झिजून जातात, अडकायला काही उरतच नाही. मात्र खवले गेलेला केस निस्तेज दिसतो आणि ओलावा धरून ठेवू शकत नाही. त्यावर उपाय म्हणून सिलिकॉनचा लेप चढवतात. स्वस्त पाकीट दुकानात जास्त मऊ लागतं ते या लेपामुळे. तो मऊपणा केसाचा नसतो, वर बसवलेल्या थराचा असतो. प्रत्येक धुण्यात तो थोडा निघतो. शाम्पू कडक असेल तर चार-पाच धुण्यांत जवळजवळ संपतो. त्यानंतर हाताला येतो तो कोरडा, तुटका, फुगलेला केस. कितीही कंडिशनर लावला तरी झिजलेले खवले परत येत नाहीत.

चांगल्या केसांनाही कारखान्यात थोडं सिलिकॉन लावतात, त्यात फसवणूक नाही. लेप निघाल्यावर खाली काय उरतं, हे पाहायचं असतं.

लांबी वाढली की भाव सरळ रेषेत का वाढत नाही

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. २० इंच म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर. तेवढी लांबी यायला साडेतीन-चार वर्षं लागतात, आणि मधल्या काळात तो केस गळता, तुटता किंवा कापला जाता कामा नये. प्रत्येक केसाचं वाढीचं चक्र वेगळं असल्यामुळे एकाच शेपटीत सगळ्या लांबीचे केस असतात. २४ इंच दिसणाऱ्या शेपटीतले थोडेच केस खरोखर २४ इंचांचे भरतात. म्हणून १४ वरून १८ इंचांवर जाताना किंमत थोडी वाढते, पण २२ वरून २६ वर जाताना उडीच घेते.

यातच ‘सिंगल ड्रॉन’ आणि ‘डबल ड्रॉन’ हा भेद येतो. खिळ्यांच्या फणीतून केसांचा जुडगा ओढून सर्वात आखूड केस काढले की झाले सिंगल ड्रॉन. त्यात अजूनही लांबी कमी-जास्त असते, त्यामुळे वरचा भाग भरगच्च आणि टोकं विरळ दिसतात. पुन्हा एकदा, बहुतेक हातानेच, आखूड केस वेचून काढले की डबल ड्रॉन. त्याचा दाटपणा खालपर्यंत जवळपास सारखा राहतो. वेचण्याची मजुरी आणि वगळलेल्या केसांचं वजन या दोन्हींचा भार किमतीवर येतो.

म्हणून डबल ड्रॉनच घ्यायला हवा असं नाही. ज्यांच्या केसांना पायऱ्यापायऱ्यांचा कट आहे, त्यांच्या केसांत सिंगल ड्रॉन जास्त बेमालूम मिसळतो, कारण खरे केसही टोकाला विरळच असतात. टोकं सरळ, एका रेषेत आणि जाड हवी असतील तरच जादा पैसे कारणी लागतात. डबल ड्रॉन घेऊन मग त्याला लेअर्स कापून घेणं म्हणजे वेचणीचे पैसे कात्रीखाली घालणं.

दाटपणा मोजायला एक दोरा पुरतो. केस वरच्या पट्टीला शिवलेले असतात, त्या शिवणीच्या थोडं खाली ते एकत्र धरून दोऱ्याने घेर मोजा, मग टोकाच्या दोन इंच वर तसाच मोजा. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. टोकाचा घेर वरच्या घेराच्या निम्मा भरला, तर केसांची संख्या निम्मी नसते, साधारण चौथाई असते, कारण जुडग्याचं क्षेत्रफळ घेराच्या वर्गाने बदलतं. डबल ड्रॉन म्हणून विकलेल्या मालाचा घेर निम्मा भरला, तर तो डबल ड्रॉन नाही.

वजनाचं गणितही असंच चकवणारं आहे. १०० ग्रॅमचा १८ इंची संच आणि १०० ग्रॅमचा २४ इंची संच यांत केसांची संख्या सारखी नसते. वजन जास्त लांबीवर पसरल्यामुळे २४ इंचीत केस पाऊणपटच असतात. तेवढाच दाटपणा हवा असेल तर २४ इंचांत सुमारे १३३ ग्रॅम लागतील. ‘लांब घेतले आणि विरळ निघाले’ ही तक्रार बऱ्याचदा इथून सुरू होते, त्यात माल वाईट असेलच असं नाही. कुरळ्या केसांची लांबी ताणून मोजलेली असते हेही ध्यानात ठेवा. २० इंची दाट कुरळे केस घातल्यावर बरेच वर राहतात.

रंगाची किंमत

त्याच दर्जाच्या केसांत नैसर्गिक काळा-तपकिरी रंग सर्वात स्वस्त आणि सर्वात टिकाऊ असतो. गडद केस सोनेरी करायचे तर ब्लीचने आतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य तोडावं लागतं, आणि त्यात केसाची ताकदही जाते. घाईने, तीव्र ब्लीच वापरून काही तासांत फिकट केलेले केस ठिसूळ होतात. सौम्य द्रावणात सावकाश, टप्प्याटप्प्याने फिकट केलेले केस बरे राहतात, पण त्यात वेळ जातो आणि काही माल वायाही जातो. फिकट छटा महाग असण्याचं हे योग्य कारण आहे. फिकट छटा आणि गडद छटा एकाच भावात मिळत असतील, तर घाईचं ब्लीच झालं असण्याची शक्यता धरून चाला. घरी रंगवायचंच असेल तर गडद करा, फिकट करू नका. आधीच एकदा ब्लीच झालेला केस दुसरं ब्लीच क्वचितच सोसतो.

पाकिटावरचे शब्द

‘१०० टक्के मानवी केस’ याचा अर्थ एवढाच, की आत प्लास्टिक नाही. गुंतवळीचे केसही मानवीच असतात. ‘व्हर्जिन’ म्हणजे ज्यांवर रसायनांची प्रक्रिया झालेली नाही असे केस. तेव्हा सोनेरी रंगाचा ‘व्हर्जिन’ माल दिसला तर भुवया उंचावायला हरकत नाही. ‘रॉ’ म्हणजे प्रक्रिया न केलेले, शक्यतो एकाच व्यक्तीचे केस. अशा मालात प्रत्येक जुडग्याचा पोत थोडा वेगळा असतो. दहा जुडगे हुबेहूब सारखे, एकाच लाटेचे आणि एकाच छटेचे असतील, तर ती प्रक्रियेची खूण समजा.

‘८ए’, ‘१०ए’, ‘१२ए’ या श्रेणींमागे कुठलंही सर्वमान्य मानक नाही. प्रत्येक विक्रेता आपापली श्रेणी ठरवतो. एकाचा १०ए दुसऱ्याच्या ७एपेक्षा हलका असू शकतो. ‘ब्राझिलियन’, ‘पेरुव्हियन’ ही नावंही आता बहुतांशी पोताची नावं झाली आहेत. बाजारातला पुष्कळ कच्चा माल भारतातून आणि चीनमधून येतो, आणि प्रक्रियेचं मोठं केंद्र चीनच्या हनान प्रांतातलं शूचांग आहे. बहुतेक लाटा आणि कुरळेपणा केस दांड्यांवर गुंडाळून वाफेने बसवलेले असतात. वाफेची लाट धुण्यागणिक सैल होते.

कृत्रिम केसांविषयी थोडक्यात. ते मोडॅक्रिलिक किंवा पॉलिएस्टरच्या धाग्यांचे असतात. एखाद्या समारंभापुरते हवे असतील तर ते वाईट नाहीत. साधा धागा गरम स्ट्रेटनरखाली वितळतो. उष्णता सोसणारा धागाही पाकिटावर दिलेल्या तापमानापुरताच सोसतो, आणि कुठलाही कृत्रिम धागा केसांच्या नेहमीच्या रंगाने रंगत नाही. मानवी केसांत कृत्रिम धागे मिसळल्याचा संशय असेल तर दोन-तीन केस चिमट्यात धरून, सिंकवर, सांभाळून जाळून पाहा. खरा केस जळक्या पिसासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो.

बसवण्याची पद्धत: अर्धा खर्च इथे असतो

क्लिप-इन, म्हणजे क्लिपांनी अडकवायचे केस, रोज काढता येतात, त्यामुळे धुणं कमी आणि आयुष्य जास्त. चांगला संच जपून वापरला तर वर्षभर सहज चालतो. पातळ केसांना १०० ते १२० ग्रॅम, दाट केसांना १६० ते २२० ग्रॅम लागतात. सांगितलेलं वजन क्लिपा धरून आहे की केसांचंच, हे विचारून घ्या.

टेप-इनमध्ये साधारण ४ सेंटिमीटर रुंदीच्या दोन चिकट पट्ट्यांमध्ये खऱ्या केसांचा पातळ थर दाबतात. एक पट्टी सुमारे अडीच ग्रॅमची असते, म्हणजे ४० पट्ट्यांचे १०० ग्रॅम झाले. बिघाड होतो तो त्या मधल्या थरामुळे. खरे केस जास्त घेतले तर वरचा चिकट थर खालच्याला भिडत नाही आणि पट्टी घसरते. फार कमी घेतले तर सगळं वजन मोजक्या केसांवर येतं आणि ते मुळातून ओढले जातात. पट्टीतून आरपार पाहिलं तर प्रकाश दिसेल इतका पातळ, पण सलग थर हवा. बसवण्याच्या दिवशी केसांना कंडिशनर किंवा तेल लागलेलं नसावं, आणि नंतर ४८ तास धुवू नयेत. सहा ते आठ आठवड्यांनी मुळांपाशी दोनेक सेंटिमीटर वाढ होते. तेव्हा पट्ट्या काढून, नवी टेप लावून वर घ्याव्या लागतात. केस चांगले असतील तर तेच केस दोन-तीनदा वापरता येतात. म्हणजे टेप-इनला हलक्या दर्जाचे केस घेतले तर मजुरी दर वेळी पूर्ण द्यायची आणि केस पहिल्याच फेरीत बाद, असा दुहेरी तोटा होतो.

केराटिन बाँडमध्ये अर्धा ते एक ग्रॅमच्या सुट्या बटा उष्णतेने खऱ्या केसांना जोडतात. पूर्ण डोक्याला शंभर ते दीडशे बटा आणि काही तास लागतात, म्हणून मजुरी जास्त. तीन-चार महिने टिकतात. काढताना खास द्रावण लावून बंध चिमट्याने फोडतात. ते कोरडेच फोडले तर खरे केस तुटतात. मायक्रो-रिंगमध्ये बट बारीक कडीत दाबून बसवतात. त्यात गोंद किंवा उष्णता नसते, पण आतून सिलिकॉनचं अस्तर नसलेली कडी केसाला घासून कापते, आणि फार रेशमी केसांवरून कडी घसरते.

शिवायच्या पट्टीला वेफ्ट म्हणतात. मशिनची शिवण जाड आणि मजबूत असते. हाताने गाठवलेली वेफ्ट पातळ असते, टाळूवर सपाट बसते, पण महाग पडते आणि मधेच कापता येत नाही, कापली की गाठी उसवतात. मशिनची पट्टीही कापलेल्या जागी सीलंट न लावता बसवली तर तिथूनच केस गळायला लागतात. नवी पट्टी सावकाश विंचरल्यावर थोडे सुटे केस येणारच. दर वेळी शिवणीतूनच झुपके निघत असतील तर शिवण कच्ची आहे.

घेण्यापूर्वी तपासायचं कसं

सर्वात विश्वासार्ह चाचणीला उपकरण लागत नाही. वेफ्टमधून एक केस ओढून काढा आणि त्याचं शिवणीकडचं टोक लक्षात ठेवा. अंगठा आणि तर्जनीत तो धरून, दोन्ही बोटं केसाच्या लांबीच्या दिशेने एकमेकांवर पुढे-मागे चोळा. खवल्यांच्या दिशेमुळे केस आपोआप मुळाच्या बाजूला सरकू लागतो. रेमीमध्ये तो शिवणीकडच्या टोकाच्या दिशेने जाईल. दहा केसांवर करून पाहा. दहाही त्याच दिशेला गेले तर दिशा सांभाळलेली आहे. काही उलटे गेले तर मिसळ आहे. कुठलाच केस नीट हलत नसेल, तर खवले झिजवलेले आहेत किंवा लेप जाड आहे.

लेपाची खात्री करायची तर धुऊन पाहावं लागतं. संचातला सर्वात छोटा तुकडा किंवा विक्रेत्याने दिलेली नमुन्याची बट घ्या. कोमट पाण्यात, लेप काढणाऱ्या क्लॅरिफाइंग शाम्पूने दोनदा धुवा. पाण्याला रंग येतो का पाहा. कंडिशनर न लावता टांगून वाळवा आणि टोकांपासून वर विंचरा. हे तीनदा करा. चांगले केस थोडे कोरडे होतील, पण कंगवा खालपर्यंत जाईल. लेपावर उभे असलेले केस तिसऱ्या वेळेपर्यंत फुलून गुंतलेले असतील. धुतलेला माल बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत, म्हणून मोठी खरेदी करण्याआधी एक सुटा तुकडा विकत घेणं शहाणपणाचं. नमुना द्यायला साफ नकार देणाऱ्याकडून महाग माल घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

भाव नेहमी ग्रॅममागे आणि त्याच लांबीत तुलना करून पाहा. मग महिन्याचा खर्च काढा: केसांची किंमत, अधिक वापराच्या काळातली बसवण्याची आणि वर घेण्याची सगळी मजुरी, भागिले महिने. समजा टेप-इनच्या प्रत्येक फेरीची मजुरी २ भाग आहे आणि एक फेरी दोन महिन्यांची. हलक्या दर्जाचे केस २ भागांना मिळाले आणि एकच फेरी टिकले, तर महिन्याला २ भाग पडले. चांगले केस ५ भागांना मिळाले आणि तीन फेऱ्या टिकले, तर ५ अधिक ६ असे ११ भाग सहा महिन्यांत, म्हणजे महिन्याला दोनपेक्षा कमी. क्लिप-इन वर्षातून चार-पाचदाच लावायचे असतील तर हे गणित उलटतं. तिथे मध्यम दर्जा पुरतो.

चांगले केस लवकर का खराब होतात

जोडलेल्या केसांना टाळूचं तेल मिळत नाही, त्यामुळे ते मुळातच कोरडेपणाकडे झुकलेले असतात. सल्फेट नसलेला शाम्पू वापरा. कंडिशनर मधल्या लांबीपासून खाली लावा, कारण टेप किंवा बंधाला तेलकटपणा लागला की पकड सुटते. ओले केस घेऊन झोपू नका, झोपताना सैल वेणी घाला. स्ट्रेटनर १५० ते १८० अंशांच्या वर नेऊ नका. फिकट छटांवर अनेकदा गुलाबी-नारिंगी डाग पडतात आणि दोष केसांना दिला जातो. बऱ्याचदा तो सनस्क्रीनमधल्या अव्होबेन्झोनचा असतो. ते खांद्यावरून केसांना लागतं आणि पाण्यातल्या खनिजांशी मिळून रंग धरतं. असे केस असतील तर खनिजांवर आधारलेलं, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन निवडा.

बसवल्यानंतर एक-दोन दिवस थोडा ताण जाणवू शकतो. दुखणं, मुळांशी लाल पुटकुळ्या, खाज किंवा झोपताना डोकं टेकवता न येणं हे चालवून घेऊ नका. सततच्या ओढीने ट्रॅक्शन अलोपेशिया, म्हणजे ओढीमुळे होणारी केसगळती, होतो. कानशिलांवरचे आणि कपाळावरचे केस आधी विरळ होतात, आणि ओढ बराच काळ राहिली तर ते परत येतही नाहीत. काढताना हातात केसांचा झुबका येतो तो मात्र बहुधा घाबरण्यासारखा नसतो. रोज ५० ते १०० केस गळतातच. एरवी ते कंगव्यात जातात, इथे ते बंधात अडकून राहिलेले असतात. गळलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसतो. ठिपका नसेल आणि दोन्ही टोकं तुटल्यासारखी असतील तर ती मोडतोड आहे, आणि पुढची फेरी थांबवायला हवी.

लागणारा सगळा माल एकाच वेळी आणि एकाच लॉटचा घ्या. तोच छटा-क्रमांक पुढच्या लॉटमध्ये थोडा वेगळा उतरतो, आणि दोन छटांतला फरक डोक्यावर दिवसाच्या उजेडात लगेच दिसतो.